उजवीकडचा आधी

आजचा एपिसोड छोटा आहे, पण बरेच दिवस सांगायचा होता. विषय आहे परदेशात गाडी चालवणं. माझ्यासाठी परदेश म्हणजे जर्मनी. मी स्टुटगार्टजवळ राहतो.

इथे राहायला आल्यावर पहिले सहा महिने आपलं भारतीय लायसन्स चालतं. सोबत इंटरनॅशनल परमिट किंवा जर्मन भाषांतर लागतं. मला वाटलं, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये पाच वर्षं काढलीयेत, आता काय शिकायचं राहिलंय? स्टिअरिंग डावीकडे, गाडी रस्त्याच्या उजवीकडे, एवढं लक्षात ठेवलं की बास. आणि खरंच, त्याची सवय दोन दिवसांत झाली.

घोळ झाला तिसऱ्या आठवड्यात. ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असलेली वस्ती. मी रुंद रस्त्याने सरळ चाललो होतो. उजवीकडून एक बारकी गल्ली येऊन मिळत होती. आपल्या डोक्यात गणित पक्कं असतं ना, की मोठ्या रस्त्यावरचा जाणार, गल्लीतला थांबणार. मी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

आणि गल्लीतून सायकलवर एक बाई आल्या. मागच्या सीटवर लहान मूल. मी करकचून ब्रेक मारला, त्यांनीही मारला. सायकल डगमगली, त्यांनी पाय टेकला म्हणून पडल्या नाहीत. मध्ये हातभर अंतर उरलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. उजवीकडे बोट दाखवून तीनच शब्द म्हणाल्या, ‘रेख्ट्स फोर लिंक्स’. म्हणजे डावीकडच्याच्या आधी उजवीकडचा.

घरी येऊन आधी पाणी प्यायलो, मग नियम वाचला. जिथे सिग्नल नाही, पाटी नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. रस्ता किती रुंद, गाडी किती मोठी, याचा काही संबंध नाही. सायकलसुद्धा वाहनच. पांढऱ्या कडेची पिवळी चौकट, टोकावर उभी केलेली, अशी पाटी दिसली तर तुम्ही प्राधान्याच्या रस्त्यावर आहात, तिथे बाकीचे थांबतील. तीच पाटी काळ्या रेघांनी खोडलेली दिसली की तुमचा हक्क संपला. आणि उजवीकडचा शेतातल्या वाटेवरून किंवा उतरत्या फुटपाथवरून येत असेल, तर थांबायचं त्याने.

आता यातली गंमत बघा. चार बाजूंनी चार गाड्या एकदम आल्या, तर प्रत्येकाच्या उजवीकडे कोणीतरी आहेच. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत डेडलॉक! मग कोणीतरी हाताने ‘तुम्ही जा’ म्हणतो आणि गाठ सुटते.

आपल्याकडे मात्र प्रत्येक चौकात हेच चालतं. हॉर्न, नजर, हात. समोरचा काय करेल ते आपण त्याच्याकडे बघून ठरवतो. इथे समोरचा तुमच्याकडे बघतच नाही, तुम्ही नियम पाळणार असं धरून चालतो. त्या बाई बिनधास्त आल्या त्या बेफिकीर होत्या म्हणून नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि मला ते माहीतच नव्हतं.

उलटी चूकही मी केली. हक्क माझा असताना सभ्यपणा म्हणून मध्येच थांबलो, तर मागची गाडी जवळजवळ येऊन धडकलीच. हक्क असेल तेव्हा नीट पुढे जाणं हाही नियमच.

पुढे इथलं लायसन्स काढायला लेखी परीक्षा दिली. ३० प्रश्न. पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले की नापास, बाकी सगळं बरोबर असलं तरी. ‘कोण आधी जाणार’ हे प्रश्न बहुतेक पाच गुणांचेच.

अभ्यास करताना सहज भारतातला नियम शोधला. १९८९ चे, २०१७ पर्यंत लागू असलेले ‘रूल्स ऑफ द रोड रेग्युलेशन्स’. त्यात लिहिलं होतं, चौकात मुख्य रस्ता म्हणून ठरवलेला रस्ता नसेल, तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. म्हणजे नियम आपल्याकडेही होता! खिशात लायसन्स घेऊन मी पाच वर्षं फिरलो, आणि तो कळला स्टुटगार्टमध्ये.

म्हणून कुठल्याही देशात गाडीची किल्ली हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: पाटी नसेल तेव्हा आधी कोण? वेगमर्यादा बोर्डावर दिसते, हे दिसत नाही.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. सावकाश चालवा. आणि हो, चौकात मान वळवून बघा!