तीन ते सहाचा खेळ

(महिला मेळाव्यातील भाषणाचा संपादित भाग)



जुन्या टॉकीजच्या आठवणी निघाल्या की पुरुष नऊ ते बाराच्या खेळाबद्दल बोलतात. शिट्ट्या, मध्यंतरातला चहा, पानठेल्यावरच्या गप्पा. बायकांची आठवण असते तीन ते सहाची. दुपारची भांडी घासून निघायचं, चूल पेटवायच्या वेळेला घरी पोचायचं. आपल्या करमणुकीलाही स्वयंपाकाचं वेळापत्रक होतं. जिनिंगमध्ये रोजानं जाणाऱ्या बाईला तर तीन ते सहाही मिळत नसे.

माझं लहानपण खामगावचं. कापसाचं आणि चांदीचं गाव. टॉकीजमध्ये बायकांची तिकिटाची खिडकी वेगळी, बसायची जागा वेगळी. समोर कासाराचं दुकान, भज्यांची गाडी, सोडावाला, गाण्यांच्या चोपड्या विकणारा, पानठेला. यातल्या फक्त कासाराकडे आम्ही निवांत थांबू शकायचो. बाकी रस्ता मान खाली घालून पार करायचा.

दाराशी एक म्हातारी फुटाणे विकायची. तिला मी एकदा विचारलं, सिनेमा पाहिला का? म्हणाली, "ऐकते न वं माय. पाहाले गेली तं टोपलं कोन पाहीन?"

१९७५ साली 'जय संतोषी माँ' आला. संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून जाहीर केलेलं हेच वर्ष. ठिकठिकाणी बायकांनी टॉकीजबाहेर चपला काढल्या, पडद्यावर फुलं आणि पैसे वाहिले. या प्रकाराला पुष्कळ जण हसले. मला आठवतात त्या अंधारात मोकळेपणानं रडणाऱ्या बायका. पडद्यावरच्या सुनेचा छळ त्यांच्या ओळखीचा होता. घरी रडलं तर कारण सांगावं लागे. देवाच्या सिनेमाला नाही म्हणायची सोय नसल्यानं कित्येकींना घराबाहेरचे तीन तास पहिल्यांदाच मिळाले. सात वर्षांनी, १९८२ मध्ये, 'उंबरठा'तली सुलभा देवीची वाट न बघता घराबाहेर पडली. पण तो सिनेमा बघायला जाण्यासाठीही आधी घरी विचारावं लागत होतं.

आमच्या गल्लीतल्या एका मुलीची टॉकीजबाहेर छेड काढली गेली. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या सगळ्या मुलींचा सिनेमा बंद. छेड काढणारा मात्र त्याच पानठेल्यावर उभा असायचा. त्याला कुणी घरी बसवलं नाही.

पुढे रंगीत दूरदर्शन आलं, व्हिडिओ आला, केबल आली, आता मोबाइल. एकपडदा टॉकीज ठिकठिकाणी बंद पडल्या. सिनेमा बाईच्या हातात आला हे चांगलंच झालं. पण चार जणी मिळून बाहेर पडायचं, बरोबरीनं बसायचं, येताना बांगड्या बघत रेंगाळायचं, हे निमित्त गेलं. पुरुषांचा पानठेला अजून आहे. आपल्याला मंदिर, हळदीकुंकू आणि बाजार. तिथेही काम किंवा कर्तव्य सोबत असतंच.

म्हणून माझी एक सूचना आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी ५० टक्के जागा राखीव आहेत. आपण निवडून दिलेल्या बायकांकडे रस्ते, पाणी मागतो, तसंच बाईला विनाकारण बसता येईल अशी जागा मागू या. दिवा, पंखा, स्वच्छ संडास आणि संध्याकाळी सातनंतरही उघडं दार. कशाला हवी, असं कुणी विचारलं तर सांगायचं, बसायला.