ऋषिपंचमीची पोर

(ऋषिपंचमीच्या संध्याकाळी मंडळाच्या मांडवात केलेले भाषण)



काल बाप्पा बसले. आज ऋषिपंचमी, आणि तिथीने आमच्या धाकटीचा वाढदिवस. सोळा पूर्ण झाली. मंडळाने मला ‘आपली नवी पिढी’ असा विषय दिला होता. पण मी कापसाचा अडत्या, अख्ख्या पिढीवर बोलायचा माझा वकूब नाही. एका पोरीबद्दल बोलतो. नाव घ्यायचे नाही अशी तिची तंबी आहे, ती पाळतो.

तिथीने वाढदिवस म्हटले की हल्लीची मुले हसतात. पण नेहरूंनी नैनीच्या तुरुंगातून मुलीला तेराव्या वाढदिवसाचे पत्र लिहिले, त्यावर तारीख आहे २६ ऑक्टोबर १९३०. इंदिरेचा जन्म तर १९ नोव्हेंबरचा. म्हणजे त्यांच्याकडेही तिथीच पाहत होते! तुरुंगातून भेटवस्तू कुठून पाठवणार, म्हणून बापाने पत्र पाठवले. मला तसे लिहिता येत नाही. हे भाषण हीच तिची भेट समजा.

ऋषिपंचमीला जन्मलेल्या पोरीचे हाल तुम्हाला माहीत आहेत. घरात आईचा आणि आजीचा उपवास, बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, म्हणून वाढदिवसाला ऋषीची भाजी. भोपळा, अळू, माठ, सुरण. केक दुसऱ्या दिवशी. सोळा वर्षांत तिने एकदाही कुरकुर केली नाही असे मी म्हणणार नाही. पुष्कळ केली.

आता आजीबद्दल थोडे, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. आमच्या आईचे माहेर किनवटकडचे. ती जन्मली तेव्हा किनवट आणि आदिलाबाद एकाच जिल्ह्यात. १९५६ साली किनवट नांदेडला जोडले गेले, आणि लग्न होऊन आई इकडे आली ती दुसऱ्या राज्यात आली. पण गल्लीत मराठी, बाजारात हिंदी-उर्दू, एवढ्यावर तिचे सगळे आयुष्य भागले. तेलुगू शिकायची वेळच आली नाही. माझी तेलुगू म्हणजे भाव, वजन आणि ओलावा, एवढीच. पोरगी मात्र शाळेत तेलुगू शिकली. मराठी सुटेल म्हणून मी तिच्यावर किती चिडायचो, हे इथे बसलेल्या बऱ्याच जणांनी ऐकले आहे.

गेल्या वर्षी आईच्या पोटात दुखायला लागले. डॉक्टर वरंगलकडचे, नवे, भरभर तेलुगूत बोलणारे. मला अर्धेच समजले, पण तेवढ्याने पाय गळाले. गाठ आहे, वेळ लावू नका, हैदराबादला न्या. आईने विचारले, “काय म्हणतात रे?” मी म्हणालो, “पित्त आहे.” आईने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. नातीकडे वळून म्हणाली, “तू सांग गं.”

मी पोरीला डोळ्यांनी दटावले. तिने ते पाहिले. मग आजीचा हात हातात घेऊन म्हणाली, “आजी, पोटात गाठ आहे. कसली, ते तपासल्यावर कळेल. हैदराबादला जावं लागेल.”

आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मग आधी किनवटला भावाला भेटून येते.”

बाहेर आल्यावर मी पोरीला भर रस्त्यात बोललो. पंधरा वर्षांच्या पोरीला काय कळते, वगैरे. ती एवढेच म्हणाली, “बाबा, तिनं विचारलं होतं.”

आई किनवटला चार दिवस राहिली. भावाशी वीस वर्षांपूर्वीचा शेताचा एक वाद होता, तो मिटवून आली. काय बोलणे झाले ते मला अजून सांगितलेले नाही. मग ऑपरेशन झाले. आता दर तीन महिन्यांनी कृष्णा एक्सप्रेसने जातो. गाडी किनवटवरूनच जाते, आणि मामा डबा घेऊन फलाटावर उभे असतात. पित्तावरच थांबलो असतो तर हे झाले नसते. झाले असते ते काय, त्याचा विचार मी करत नाही.

आज सकाळी आईने नातीला ओवाळले. तेवढ्यात शेजारीण दारातूनच म्हणाली, “पुट्टिनरोजु शुभाकांक्षलु!” आई म्हणाली, “ही काय म्हणते?” पोरीने सांगितले. आई म्हणाली, “तिला सांग, भाजी घेऊन जा म्हणावं.” तेही पोरीने सांगितले. घरात दिवसभर असेच चाललेले असते, आणि मी वर्षानुवर्षे त्याला मराठी बुडाली म्हणत होतो.

बेटा, त्या दिवशी रस्त्यात बोललो ते चुकलो. हे घरी सांगायला हवे होते. पण घरी माझे तोंड उघडत नाही, हातात माईक आला की उघडते.

ती मागच्या रांगेत आजीजवळ बसली आहे आणि आटपा म्हणून खुणा करते आहे. आटपतो. भाजी अजून उरली आहे, आरतीनंतर घरी येऊन जा.