उन्हाने लाल झालेला चेहरा

भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी सुरू झाली, की त्वचेच्या तक्रारी वाढतात. पायाच्या बोटांना चिखल्या होतात, उघडीप पडली की चेहरे भाजतात. अशाच एका पावसाळ्यात पवनीकडची एक आई एकोणीस वर्षांच्या मुलीला घेऊन आली. गालांवर आणि नाकावर लाली, खाज, उन्हात गेले की आग. “डॉक्टरसाहेब, बांधीत ऊन लागलं पोरीला,” आई म्हणाली.

मलाही तसेच वाटले. उन्हाची ॲलर्जी तरुण मुलींत नेहमीच दिसते. मी मलम लिहून दिले. उठता उठता मुलगी म्हणाली, “सर, सकाळी पऱ्हे उपटवत नाहीत, बोटं आखडतात.”

मी तिला परत बसवले आणि आधीच विचारायला हवे होते ते विचारले. केस गळतात? हो. बारीक ताप? हो. टाळूला एक व्रण होता, न दुखणारा. पुरळ पुन्हा पाहिले. नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी तेवढी कोरी होती. उन्हाच्या ॲलर्जीचे पुरळ सावलीत राहिल्यावर बहुधा आठ-दहा दिवसांत ओसरते. हिची लाली दोन महिन्यांची होती. लघवी तपासली, तर त्यात प्रथिने सापडली. तिला नागपूरला पाठवले. तिथे रक्ताच्या तपासणीनंतर निदान पक्के झाले : ल्युपस.

या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच अवयवांवर उलटते. तो पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक, आणि तोही ऐन तारुण्यात दिसतो. मूत्रपिंडावर सूज आली, तरी सुरुवातीला काहीच दुखत नाही. वेळेवर औषध मिळाल्याने या मुलीचे मूत्रपिंड सावरले. मी लिहिलेल्या मलमाने लाली फिकी झाली असती आणि आजार आत वाढत राहिला असता.

उन्हाने उठणारे प्रत्येक पुरळ ल्युपस नसते, बहुतेक नसतेच. कधी गाजरगवताचा त्रास असतो, कधी गोरेपणासाठी चोळलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने चेहरा नाजूक झालेला असतो. अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास २०१८ मध्ये मनाई झाली आहे. तेव्हा दुकानातून मलम मागून आणू नका. लाली हटत नसेल, सोबत सांधे दुखत असतील, ताप किंवा तोंडात व्रण असेल, तर डॉक्टरांना सगळे सांगा. त्यांनी विचारले नाही, तरी सांगा.