‘कसं झालं’ ते सांगा!

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पाऊस सरला, की आमच्या बुरोंडीत आणि आसपासच्या किनाऱ्यावरच्या गावांत सकाळी एक आवाज हमखास ऐकू येतो. चार महिने ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली गाडी कुणीतरी बाहेर काढलेली असते आणि तो सेल्फ मारत असतो. ‘खुर्र खुर्र खुर्र...’ जरा थांबून पुन्हा ‘खुर्र खुर्र’. हळूहळू आवाज दमत जातो. घरातून कुणीतरी विचारतं, “काय झालं?” उत्तर येतं, “गाडी चालू होत नाही.”

आज मला या उत्तराविषयीच बोलायचं आहे. मी कवी माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचं. यंत्राशी माझं नातं तसं शब्दापुरतंच असायचं. पण अब्बांच्या मागे त्यांची जुनी प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर गॅरेजची भाषाही आली. पद्मिनी म्हणजे मूळची फियाट. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ साली निघालेली फियाट ११०० डिलाइट सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती घराघरांत ठाऊक होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. खासगी गाड्या मात्र अजून कुठे कुठे जीव धरून आहेत.

तर सांगायचा मुद्दा असा, की ‘गाडी चालू होत नाही’ हे निदान नव्हे. ‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगून डॉक्टरसमोर बसण्यासारखं ते आहे. आमच्या बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात ज्यांची हयात गेली, ते एक वयस्कर मिस्त्री आहेत. सगळे त्यांना तात्या म्हणतात. कुणी गाडीचं गाऱ्हाणं घेऊन आलं, की ते पान्याला हात लावत नाहीत. म्हणतात, “काय झालं ते नको. कसं झालं ते सांग.”

या ‘कसं’मध्ये चार वेगवेगळे आजार लपलेले असतात. पहिला, सेल्फ फिरतच नाही, नुसतं ‘कट्’ वाजतं. हा पेट्रोलचा दोष नव्हेच. बॅटरी उतरलेली असते, नाहीतर तिच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी धरलेली असते. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत ती लवकर धरते. गरम पाण्यानं धुऊन, घासून, घट्ट आवळलं, की पुष्कळदा काम भागतं. दुसरा, सेल्फ जोमात फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. तिसरा, गाडी चालू होते आणि थोड्याच वेळात मरते. चौथा, थंडीत चालू होते, पण तापल्यावर बंद केली, की पुन्हा घेत नाही. चारी जण गॅरेजमध्ये एकच वाक्य बोलतात. मग मिस्त्री कोणत्या आजाराला औषध देणार?

पेट्रोल इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: योग्य मात्रेत मिसळलेलं पेट्रोल आणि हवा, ते मिश्रण दाबणारा पिस्टनचा दाब आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. मात्रा हा शब्द आम्हा गझल लिहिणाऱ्यांचा. एक मात्रा इकडची तिकडे झाली, की ओळ अडखळते. कार्बोरेटरचं तसंच आहे. एक ग्रॅम पेट्रोलला सुमारे पंधरा ग्रॅम हवा, असा त्याचा हिशेब. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, म्हणून आपण चोक ओढतो, म्हणजे हवा आवळतो. चोक ओढायचा राहिला तर गाडी घेत नाही, आणि ओढून तसाच ठेवला तर पेट्रोल ‘ओव्हर’ होतं, प्लग भिजतात आणि नाकाला वास येतो.

हे सगळं एका रात्री माझ्या डोळ्यांसमोर घडलं, ते सांगतो.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. दापोली-मंडणगड भागालाही त्याचा मोठा तडाखा बसला. माड-पोफळी आडव्या झाल्या, कौलं उडाली, वीज गेली, फोन मुके झाले. त्यात टाळेबंदीचे दिवस. वादळानंतर दोन दिवसांनी रात्री आमच्या शेजारच्या काकींना दम्याचा जोराचा झटका आला. फोनच नाही, तर १०८ ला कळवणार कसं? वाडीत आणखी दोन गाड्या होत्या. एकीवर फणस कोसळला होता, दुसरीचा मालक चावीसकट मुंबईत अडकला होता. उरली आमची पद्मिनी. मार्चपासून ती जागची हलली नव्हती.

काकींचा मुलगा तात्यांना घेऊन आला. तात्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे अंगणातला कंदील वीस पावलं लांब नेऊन ठेवायला लावला. “पेट्रोलचं काम. बॅटरीचा उजेड पुरे,” एवढंच बोलले. मग मला म्हणाले, “भाई, सेल्फ मारा बघू.” नुसतं ‘कट्’. मासेमारी बंद असल्यानं बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या. दोन पोरं धावत जाऊन एका बोटीची बारा व्होल्टची बॅटरी घेऊन आली. आता सेल्फ फिरला, पण इंजिन पेट घेईना.

“थांबा. मारत बसू नका,” तात्या म्हणाले. त्यांनी एक प्लग खोलला आणि बोटानं चाचपला. कोरडा. त्या कोरड्या प्लगनं अर्धं निदान करून टाकलं. प्लग ओला असता तर पेट्रोल येतंय पण जळत नाही, म्हणजे ठिणगीकडे बघायचं. कोरडा आहे, म्हणजे पेट्रोल पोचतच नाही. इंजिन, डिस्ट्रिब्युटर, कॉइल हे सगळं तूर्तास बाजूला पडलं. उरली ती टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची वाट.

ती वाट त्यांनी उलटी चालायला घेतली. कार्बोरेटरकडे येणारा पाईप काढून त्याखाली काचेची बाटली धरली आणि एसी पंपाचा हातानं चालवायचा दांडा हलवला. थेंब नाही. मग पंपाकडे टाकीतून येणारा पाईप काढला. तिथंही काही नाही. म्हणजे पंप निर्दोष असू शकतो. त्याच्याच तोंडाशी पेट्रोल नाही, तर तो पुढे काय ढकलणार? टाकीचं झाकण उघडलं आणि सायकलच्या पंपानं त्या पाईपमधून टाकीकडे हवा मारली. टाकीत ‘बुडबुड’ वाजलं. जाळीवरचा गाळ सुटला होता. आता पाईपमधून पेट्रोल यायला लागलं, पण आधी तपकिरी. बाटली दोन मिनिटं स्थिर ठेवली, तर तळाला पाण्याचा वेगळा थर! अर्धवट रिकामी टाकी दमट हवेत उभी राहिली, की आतल्या पत्र्यावर पाणी सुटतं, तळाशी साचतं आणि गंज धरतो. त्यात वादळाच्या पावसाचीही भर पडली असावी. बाटलीत स्वच्छ पेट्रोल दिसेपर्यंत त्यांनी ते काढून टाकलं, कार्बोरेटरची वाटी रिकामी करून पुसली आणि पाईप जोडले. शेवटी पॉइंटवर बारीक पॉलिश पेपर एकदा फिरवला. तिसऱ्या सेल्फला गाडी चालू झाली.

या सगळ्याला पाऊण तास लागला. लोकांनी कोयत्या-करवतींनी मोकळ्या केलेल्या रस्त्यानं आम्ही काकींना दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात नेलं. ऑक्सिजन मिळाला. चार दिवसांनी काकी घरी आल्या. त्या पाऊण तासात तात्यांनी एकही नवा पार्ट बसवला नाही. घाईतसुद्धा त्यांनी क्रम सोडला नाही, म्हणून वेळ वाचला. दिसेल ते खोलत बसलो असतो, तर पहाट झाली असती.

बाकीच्या दुखण्यांनाही अशाच सोप्या परीक्षा आहेत. गाडी चालू होऊन थोड्या वेळात मरत असेल, तर ती वाटीत साठलेल्या पेट्रोलवर चालली आणि मागून नवं आलं नाही, असं समजावं. काही किलोमीटर जाऊन बंद पडते आणि दहा मिनिटांनी आपोआप चालू होते, असं असेल तर बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकण उघडून बघा. आत हवा शिरल्याचा ‘सूऽऽ’ आवाज आला, तर झाकणाचं श्वासाचं छिद्र बुजलेलं आहे. आमच्याकडे असल्या छिद्रांत कुंभारीण माती भरून ठेवते! आवाज आला नाही, तर त्याच क्षणी ठिणगी तपासा. तापल्यावर दगा देणारी कॉइलही असंच करते. गाडी पळते चांगली, पण पाय काढला की मरते, तर कार्बोरेटरमधला स्लो जेट तुंबलेला असतो. तो हवेनं साफ करावा. तारेनं उकरू नये, छिद्र मोठं झालं की मात्रा कायमची बिघडते.

आणि उन्हाळ्यात घाट चढताना गाडी बंद पडली, तर पेट्रोलची पाईपमध्येच वाफ झालेली असते. जुने ड्रायव्हर एसी पंपावर ओलं फडकं का टाकायचे, त्याचं कारण हे. फडक्यानं पंप थंड होतो, वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं.

डिझेलचं गणित निराळं. तिथं ठिणगीच नसते. हवा दाबून पाचशे अंशांच्या वर तापवायची आणि तिच्यात डिझेलचा फवारा मारायचा. त्यामुळे पाईपमध्ये हवेचा एक बुडबुडा शिरला, तरी फवारा पडत नाही. १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी संपून बोटी निघायच्या दिवसांत आमच्या बंदरावर एकच वाक्य ऐकू येतं, “इंजिनानं एअर घेतली.” मग फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून, हातपंप मारून, फेस संपून सलग धार येईपर्यंत हवा काढायची. जुन्या डिझेल जीपलाही हेच औषध.

हे शास्त्र काही गॅरेजमध्येच जन्मलेलं नाही. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ ही बाई नवऱ्यानं बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांसह जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. शंभर किलोमीटरच्या वरचा प्रवास. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. इंधन संपलं, ते औषधाच्या दुकानातून घेतलं. मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासात पहिलं निदान केलं ते एका गृहिणीनं. आमच्या आयाबहिणींनी बॉनेटपासून लांब उभं राहण्याचं काहीच कारण नाही!

आता काळाची एक नवी गोष्ट. फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरलं. जुन्या गाड्यांचे रबरी पाईप, पंपाचा पडदा या मिश्रणासाठी बनलेले नव्हते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि टाकीतला जुना चिकटा सोडवून पुढे पाठवतं. म्हणून जुनी गाडी असेल, तर रबरी पाईप इथेनॉलला टिकणारे घाला, साधा पारदर्शक फिल्टर बसवा आणि गाडी महिनोन्‌महिने उभी करायची असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका. तोंडानं पेट्रोल ओढू नका, ते फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. कार्बोरेटर उघडा ठेवून त्यात पेट्रोल ओतत सेल्फ मारू नका. विडी-काडीचं तर सांगायलाच नको.

श्रोतेहो, आजच्या गाड्यांना कार्बोरेटर नाही. त्यांना कॉम्प्युटर जोडतात आणि पडद्यावर दोषाचा आकडा उमटतो. ते चांगलंच आहे. पण प्लगला बोट लावून अर्धं निदान करणारी माणसं थकत चालली आहेत. त्यांचं ज्ञान पुस्तकात नाही, त्यांच्या बोलण्यात आहे. ती आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा, विचारा, लिहून ठेवा. आणि गाडी अडली, तर मिस्त्रींना बोलावण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहा: सेल्फ फिरतो का, पेट्रोलचा वास येतो का, थंड असताना होतं की तापल्यावर, आणि बिघाडाच्या आधी गाडी किती दिवस उभी होती. चार ओळींत आम्ही रुबाई लिहितो. मिस्त्रींना तेवढ्यात तुमच्या गाडीचं दुखणं कळेल.