दोन गाड्या आणि त्यांचे कामगार



आम्ही मोटारींवर बोलणार हे कळताच एका मित्राने विचारले, "तुमच्याकडे सायकल तरी आहे काय?" प्रश्न रास्त आहे. पण आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाशी झाले. गाडी किती पळते यापेक्षा ती कोणी जोडली, हे आम्ही आधी पाहतो.

पहिली गाडी अमेरिकेतील फोर्डची 'मॉडेल टी'. तिचा काळ १९०८ ते १९२७. वीस अश्वशक्तीचे, पाण्याने थंड होणारे इंजिन पुढे. पेट्रोल टाकीतून आपोआप खाली उतरे; म्हणून टाकी रिकामी होत आली की मोठा चढ उलट्या गिअरने चढावा लागे! दुसरी, १९३८ साली पुढे आलेली जर्मनीची फोक्सवॅगन 'बीटल'. इंजिन मागे, हवेने थंड होणारे. पाणी गोठण्याची भीती नाही. फोर्डच्या दीड कोटी गाड्यांचा विक्रम तिने १९७२ च्या फेब्रुवारीत मोडला. २००३ साली मेक्सिकोत शेवटची बाहेर पडली, तोवर संख्या दोन कोटी पंधरा लाखांवर गेली होती.

आता कामगारांकडे वळू. फोर्डने १९१३ साली सरकता पट्टा आणला. ज्या सांगाड्याला साडेबारा तास लागत, तो दीड तासात उभा राहू लागला. ८५० डॉलरची गाडी १९२५ पर्यंत २६० वर आली. पण दिवसभर एकच बोल्ट पिळून माणसे कंटाळत आणि काम सोडून जात. १९१४ च्या जानेवारीत पाच डॉलर रोज आणि आठ तासांचा दिवस आला, त्यामागे औदार्यापेक्षा ही गळती होती. शिवाय पगाराबरोबर कामगाराचे घर तपासायला कंपनीची माणसे येत. युनियनला मान्यता मिळाली ती १९४१ साली, संपानंतर.

बीटलची कथा अधिक कडू आहे. १९३३ च्या मे महिन्यात हिटलरने युनियन मोडून त्यांचा पैसा जप्त केला. तो ज्या सरकारी कामगार आघाडीच्या हाती गेला, तिनेच हा कारखाना उभारला. लोकांनी आठवड्याला पाच मार्कांची तिकिटे चिकटवून ९९० मार्कांची गाडी घ्यावी, अशी योजना होती. सुमारे ३ लाख ३६ हजारांनी पैसे भरले; त्या योजनेतून गाडी एकालाही मिळाली नाही. युद्धात तेथे वेठीची माणसे राबवली गेली. पैसे भरणाऱ्यांनी मात्र हेका सोडला नाही. कोर्टकचेऱ्या करून १९६१ साली त्यांनी तडजोड पदरात पाडून घेतली: नव्या गाडीवर सूट, नाहीतर थोडी रोकड.

मग चांगली गाडी कोणती? यंत्र म्हणून दोन्ही साध्या, टिकाऊ, गरिबाला परवडाव्या अशा. दोघींनाही 'लोकांची गाडी' म्हटले गेले. पण या 'लोकांत' विकत घेणारा होता, घडवणारा नव्हता. त्याला तेथे जागा मिळाली ती त्याने स्वतः मिळवली तेव्हा: जर्मनीत १९४५ साली निवडून दिलेल्या कामगार समितीने, अमेरिकेत १९४१ च्या कराराने.

मंडळी, जुनी गाडी पाहाल तेव्हा तिच्या चकाकीचे कौतुक जरूर करा. मात्र एकदा वाकून तिचा बोल्टही पाहा. तो कोणीतरी पिळलेला आहे.