बेडूकमाशाचं शेपूट जातं कुठे?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात मुलांच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



शाळेत विज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली. पण आजचा विषय तुम्हीच दिला. आठ दिवसांपासून आपल्या मागच्या डबक्यात काळे काळे जीव वळवळत आहेत आणि जो तो विचारतो, "सर, हे मासे आले कुठून?" पोट्टेहो, ते मासे नाहीत. ती बेडकाची लेकरं आहेत. त्यांना म्हणायचं बेडूकमासे.

मृगाचा पाऊस पडला तेव्हा रात्रभर डराव-डराव चाललं होतं, आठवतं? उन्हाळाभर मातीत दडून बसलेले बेडूक तेव्हा वर आले. आपल्याकडच्या मोठ्या बेडकांतले नर पावसाळ्यात पिवळेजर्द होतात, गळ्याशी निळ्या पिशव्या फुगवतात आणि मादीला हाका मारतात. मादी साचलेल्या पाण्यात हजारो अंडी घालते. शिजलेल्या साबुदाण्याच्या मधोमध मोहरी ठेवावी, तशी ती दिसतात.

एक-दोन दिवसांत अंड्यातून बेडूकमासा निघतो. त्याला पाय नाहीत, शेपूट आहे. श्वास घ्यायला माशासारखे कल्ले आहेत. कोणी शेवाळ खरवडून खातो. त्या मोठ्या बेडकांची पिल्लं तर डासांच्या अळ्या खातात, एकमेकांनाही सोडत नाहीत. मग मागचे पाय फुटतात. पुढचे पाय आत, कल्ल्यांच्या झाकणाखाली तयार होत असतात. ते शेवटी बाहेर येतात.

आता खरी गंमत. तोंड रुंद होतं, आतडं आखूड होतं, कल्ले जाऊन फुप्फुसं कामाला लागतात. ही काही दिवाळीची रंगरंगोटी नव्हे. अख्खं घर पाडून नवं बांधणं चालू आहे आणि राहणारा आतच आहे! स्वयंपाकघर बंद, म्हणून त्या दिवसांत तो काही खात नाही. मग जगतो कशावर? शेपटावर! ते तुटून पडत नाही, हळूहळू अंगातच जिरतं. तीच त्याची शिदोरी.

हा बदल घडवतो थायरॉइड ग्रंथीचा रस. १९१२ मध्ये गुडरनाच नावाच्या शास्त्रज्ञाने बेडूकमाशांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तर ते वेळेआधीच बेडूक झाले, पण अगदी इवलेसे.

बाटलीत भरून त्यांना घरी नेऊ नका. पाहायचंच असेल तर पसरट गंजात, डबक्याच्याच पाण्यात, थोडा वेळ सावलीत ठेवा आणि परत सोडा. नळाच्या पाण्यातली औषधी त्यांना मारते. पुढचे पाय आले की बसायला दगड लागतो, नाहीतर पाण्यात वाढलेलं पोर पाण्यातच बुडून मरतं.

आता दोन शब्द मोठ्यांसाठी. अंड्यापासून बेडूक व्हायला साधारण महिना-दीड महिना लागतो. आपल्या कार्यकारिणीने डबक्यात मुरूम टाकायचं ठरवलं आहे. डास होतात, लेकरं घसरतात, ही तक्रार खोटी नाही. पण आज मुरूम पडला, किंवा कोणी जळकं ऑइल ओतलं, तर अळ्या खाणारेही संपतील. बेडकांच्या पायांची परदेशी विक्री आपल्या देशाने १९८७ मध्ये बंद केली. बेडूक कमी झाले की पिकावरची कीड वाढते, ही काळजी त्यामागे होती. ज्यांची वावरं आहेत, त्यांना हे मी काय सांगावं?

म्हणून विनंती एवढीच की पोळ्यापर्यंत थांबा. तोवर डबक्याभोवती दोरी बांधू, लहान लेकरांवर लक्ष ठेवू. पोळा झाला की मुरूम टाका, पसरवायला घमेलं घेऊन मी स्वतः येतो.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे घरं बांधली. ही लेकरं त्यांचं घर अंगातच बांधत आहेत. त्यांचं काम पुरं होऊ द्या.