अंगणाचा कोरडा वार

वैशाख उतरणीला लागला की गोमंतकातील घराघरांत एक निराळीच लगबग दिसू लागते. अंगणातल्या चटयांवर मिरच्या वाळत असतात. कोकमांच्या सालींना रसाची पुटे चढत असतात. सुक्या मासळीच्या टोपल्या आत येतात आणि माळ्यावर नारळ रचले जातात. पावसाळ्याच्या या बेगमीला तेथे 'पुरुमेंत' असे नाव आहे. तरतूद या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून ते रूढ झाले. मडगावला पवित्र आत्म्याच्या चर्चचे फेस्त याच सुमारास येते. त्या निमित्ताने भरणाऱ्या बाजारातून हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही घरांतील माणसे चार महिन्यांचे सामान घेऊन जातात.

या बेगमीचे नियम गृहिणींच्या अंगवळणी पडलेले आहेत. तांदळाला ऊन दाखवावे, परंतु तो पुरता निवल्यावाचून डब्यात भरू नये. ऊब आत कोंडली की तिला पाणी सुटते आणि धान्याला बुरशी धरते. डब्यात कडुनिंबाची वाळलेली पाने घालावीत. डाळींना एरंडेलाचा हात फिरवावा. लोणच्याच्या फोडी तेलाखाली बुडालेल्या असाव्यात. कपाटात ठेवायचे कपडे दमट असता कामा नयेत. घराबाहेरही कौले चाळली जातात, पन्हळींतला पालापाचोळा निघतो आणि पश्चिमेच्या भिंतीला विणलेल्या झावळ्यांचा आडोसा होतो. या साऱ्या खटाटोपाचे सूत्र एकच असते, पाणी जेथे नको तेथे ते पोहोचू द्यावयाचे नाही. धान्य, कपडे आणि भिंती यांच्या बाबतीत हे सूत्र कसोशीने पाळले जाते. माणसांच्या बाबतीत मात्र ते बहुधा अर्ध्यावरच सुटते.

बार्देशातल्या अशाच एखाद्या नीटनेटक्या घराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. आषाढाचा दुसरा आठवडा आहे. घरातील आठ वर्षांच्या नातीला तीन दिवस सडकून ताप आला आहे. डोळ्यांमागे ठणकते, अंग मोडून आले आहे, पोटात अन्न ठरत नाही. रक्त तपासल्यावर डेंग्यूचे निदान होते. दुसऱ्या दिवशी आरोग्यसेविका दारात उभी राहते, तेव्हा आजी तिला परसाकडे नेऊन शेजारचे उघडे गटार दाखवतात.

"बाई, सगळे डास तिथून येतात. आमच्या घरात घाणीचा कणदेखील सापडायचा नाही."

सेविका गटार पाहते. पण थबकते ती स्वयंपाकघरातील जाळीच्या कपाटापाशी. दुधातुपाला मुंग्या लागू नयेत म्हणून कपाटाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवलेल्या आहेत. ती विजेरीचा झोत एका वाटीत टाकते. नितळ पाण्यात बारीक अळ्या वळवळताना दिसतात.

"आजी, गटारातला डास वेगळा," ती हलक्या आवाजात म्हणते. "हा मात्र इथे वाढलेला आहे."

आजींना काय वाटत असेल, ते सांगावयास नको. वर्षानुवर्षे त्या वाट्या त्यांनीच भरल्या होत्या. घरातील अन्न जपण्यासाठी ज्या काळजीने त्या ठेवल्या, त्याच काळजीच्या पोटी हे दुखणे उभे राहिले होते. डासांच्या प्रश्नातील खरी अडचण येथेच आहे. घाण दिसली की माणूस सावध होतो. स्वच्छ पाण्याचा त्याला संशयही येत नाही.

म्हणून डासांची ओळख थोडी बारकाईने करून घेणे अगत्याचे आहे. गटारे, मैलाटाक्या आणि सांडपाण्याची डबकी यांत वाढतो तो प्रामुख्याने क्युलेक्स जातीचा डास. तो रात्री चावतो आणि हत्तीरोगाचा प्रसार करतो. हिवताप पसरवणारा अ‍ॅनोफेलीस हाही रात्रीचाच. त्याच्या शहरी जातीला विहिरी, गच्चीवरील टाक्या आणि बांधकामावर साठवलेले पाणी मानवते. डेंग्यू आणि चिकुनगुनिया यांचा वाहक एडिस हा मात्र दिवसा चावतो, विशेषेकरून सकाळी आणि दुपार कलल्यावर. त्याच्या अंगावर पांढरे पट्टे असतात. फुलदाणी, कुंडीखालची बशी, करवंटी, कपाटाखालची वाटी एवढेसे पाणी त्याच्या प्रपंचाला पुरते.

डासांपैकी मादीच तेवढी रक्त पिते, कारण अंडी पोसण्यास तिला रक्त लागते. अंड्यातून अळी, अळीचा कोश आणि कोशातून पंख असलेला डास हा सारा प्रवास उबदार हवेत सुमारे 8 ते 10 दिवसांत पुरा होतो. पंख फुटेपर्यंत तो पाण्याचा कैदी असतो. त्या मुदतीत पाणी ओतून टाकले, तर एकही डास उडत नाही. याच हिशेबाने आठवड्यातील एक वार 'कोरडा वार' म्हणून पाळण्याची पद्धत आरोग्यखात्याने घालून दिली आहे. वार कोणताही चालेल, पण तो चुकता कामा नये.

नुसते पाणी ओतून मात्र भागत नाही. एडिसची मादी आपली अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर कडेला चिकटवते. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी चढले की त्यांतून अळ्या निघतात. यास्तव पिंप, हौद आणि बशी काथ्याने किंवा ब्रशाने घासून काढावी, मग कोरडी करावी, आणि नको असलेले भांडे पालथे घालून ठेवावे. कपाटाखालील वाट्यांत साध्या पाण्याऐवजी मिठाचे दाट पाणी घालावे व तेही दर कोरड्या वारी बदलावे.

या वारी घराची फेरी आतून बाहेर अशी करावी. प्रथम फुलदाण्या, पाण्यात वाढवलेल्या वेली आणि शीतकपाटामागील तबकडी. नंतर ओसरीवरील कुंड्यांच्या बश्या, पक्ष्यांसाठी ठेवलेले भांडे, गुरांची द्रोणी. त्यानंतर अंगणातील शहाळ्यांची टरफले, करवंट्या, फुटके माठ, डबे आणि पोफळीच्या गळून पडलेल्या विऱ्या. विरीचा आकारच होडीसारखा असल्याने एका सरीत ती भरते. बागाईत असलेल्यांनी ती गोळा करून कोरड्या जागी रचावी किंवा फाडून टाकावी. कुंपणाच्या बांबूंची तोंडे मातीने बुजवावीत. झाडांच्या ढोलीत वाळू भरावी. जुने टायर टाकून देणे शक्य नसेल तर त्यांना भोके पाडावीत. छपरावर किंवा सरपणावर घातलेल्या प्लास्टिकच्या घड्या ताणून घ्याव्यात. शेवटी पन्हळी पाहाव्यात. पानांचा एक बोळा अडकला की कौलांच्या कडेला लांबच लांब तळे तयार होते.

जे पाणी ओतता येत नाही, ते झाकावे. गच्चीवरील टाकीला घट्ट झाकण हवे आणि तिच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी हवी. मैलाटाकीच्या वायुनलिकेलाही तशीच जाळी बांधावी. विहिरीत अळ्या खाणारे मासे सोडण्याचा उपाय जुना व गुणकारी आहे. गप्पी मासा हिंदुस्थानात 1908 साली आणि गंबुसिया 1928 साली आणला गेला तो याच कामासाठी. तथापि हे परदेशी मासे नदीत किंवा नैसर्गिक तळ्यात सोडू नयेत, कारण तेथील मूळच्या माशांना त्यांचा उपद्रव होतो.

ऋतू बदलतो तशा पाण्याच्या जागाही बदलतात. ज्येष्ठात आणि आषाढात अंगण पाहावे. भाद्रपदापासून पावसाला खंड पडू लागतो, तेव्हा डबकी वाहून जाण्याऐवजी तुंबतात. सणांच्या धामधुमीत अंगणात पडून राहिलेले द्रोण, पेले आणि मंडपाचे कापड त्याच दिवशी उचलावे. नोव्हेंबरच्या 2 तारखेला ख्रिस्ती लोक आप्तांच्या थडग्यांवर फुले वाहतात. त्या फुलदाण्या पाण्यासह तेथेच राहतात. त्यांत ओली वाळू भरून फुले खोवली तर ती टवटवीतही राहतात आणि डासांना थारा मिळत नाही. थंडी सरली की विहिरींचे आणि टाक्यांचे झाकण तपासावे. उन्हाळ्यात इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद अशा शहरांत वाळ्याच्या ताट्यांची जागा घेतलेले कूलर दर आठवड्यास रिकामे करून घासावेत. नळाला दिवसाआड पाणी येते अशा गावी पिंपे भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. तेथे प्रत्येक पिंपावर कापड ताणून बांधावे.

संध्याकाळी सोडणांचा किंवा कडुनिंबाचा धूर करण्याची चाल अनेक घरी आहे. त्याने डास काही वेळ दूर होतात, हे खरे. परंतु ते मरत नाहीत आणि कोंदट खोलीतील धूर लहान मुलांच्या छातीला बाधतो. त्यापेक्षा खिडक्यांना जाळ्या आणि अंथरुणावर मच्छरदाणी हा उपाय निर्धोक आहे. दिवसा झोपणाऱ्या बालकालाही मच्छरदाणी हवी, कारण एडिस दिवसा चावतो. पावसाळ्यात ताप आल्यास रक्त तपासून घ्यावे. अंगदुखी थांबावी म्हणून ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन आपल्या मनाने देऊ नये; डेंग्यूमध्ये त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

डासाचा आणि तापाचा संबंध जगाला कळला तो या देशाच्या भूमीवर. 1897 सालच्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस हे डॉक्टर डासांची पोटे सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाने डासांना स्वतःला चावू दिले आणि प्रत्येक डासामागे त्याला 1 आणा मिळाला. त्यांपैकी एका डासाच्या पोटात 20 ऑगस्ट रोजी रॉस यांना हिवतापाचे जंतू वाढताना दिसले. पुढे 1902 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

स्वातंत्र्यानंतर 1953 साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि 1958 साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. फवारणीची पथके गावोगाव फिरली. 1965 च्या सुमारास देशातील रुग्णांची संख्या वर्षाला सुमारे 1 लाखावर आली, आणि हिवताप संपला असेच लोक समजू लागले. पुढे औषधाला डास दाद देईनासे झाले, फवारणीत ढिलाई आली, पाण्याकडे पाठ फिरली. 1976 साली हीच संख्या 64 लाखांवर गेली. गोव्यातही 1986 मध्ये पणजीत हिवतापाने डोके वर काढले. शहर वाढत होते, इमारती उठत होत्या आणि बांधकामावरील पाण्यात अ‍ॅनोफेलीस सुखाने नांदत होता. सरकारी पथक फवारणी करून जाते. ते गेल्यानंतरचा आठवडा घरातील माणसांच्या हाती असतो.

या कामात शेजाऱ्याचाही वाटा असतो. एडिस फार दूर उडत नाही; बहुधा जन्मस्थानापासून काहीशे मीटरांच्या आतच त्याचे आयुष्य सरते. म्हणजे घरातील मुलाला चावणारा डास एक तर त्याच अंगणातला असतो, नाही तर चार घरे पलीकडचा. कुंपण त्याला अडवीत नाही. एका वाड्यावरील दहा घरांनी वार पाळला आणि अकराव्या बंद घराच्या गच्चीवर टाकी उघडी राहिली, तर दहा घरांचे श्रम वाया जातात. म्हणून वाड्यावरच्या सर्व घरांचा वार एकच असावा आणि बंद घराची किल्ली कोणाकडे आहे, हे ज्येष्ठातच विचारून ठेवावे. हे काम गृहिणीच्या एकटीच्या माथी मारणेही योग्य नव्हे. पन्हळीवर चढणे पुरुषाचे काम, आणि करवंट्या शोधण्यात मुलांचे डोळे सर्वांहून तीक्ष्ण असतात.

त्या बार्देशातल्या घरी, ताप उतरून नात उठून बसली की काय घडत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. रविवारची सकाळ आहे. आजींनी कपाटाखालच्या चारही वाट्या काढून घासल्या आहेत आणि मिठाची बरणी पुढ्यात घेतली आहे. नात अजून अशक्त आहे. ती पाटावर बसून विजेरी धरते.

"आजी, या वाटीत काही नाही," ती म्हणते.

आजी तरीही वाकून स्वतः पाहतात, आणि मगच दुसरी वाटी उचलतात.